दुभत्या गाईच्या लाथा किती सोसायच्या?

वाचकाचं पत्र

मी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा मुख्य कोच आहे. क्लब मोठा नाही, पण सगळे खेळाडू करारावर आहेत, पगारी आहेत. आमच्याकडे 22 वर्षांचा एक विंगर आहे, उजव्या कडेने चढाया करणारा. मूळचा कोल्हापूरचा, मीही तिकडचाच. चेंडू पायात आला की समोरचा बॅक हमखास चकतो. आमचे निम्मे गोल त्याच्यामुळे होतात. पण सरावाला आठवड्यातून दोनदा तरी उशीर. बचावाला मागे येत नाही. पास चुकला की ज्युनियर पोरांवर, त्यातही डाव्या बाजूच्या एकोणीस वर्षांच्या पोरावर, सगळ्यांदेखत ओरडतो. गेल्या सामन्यात बाहेर काढला, तर हात न मिळवता सरळ ड्रेसिंग रूममध्ये निघून गेला आणि रात्री इन्स्टाग्रामवर टोमणा मारणारी स्टोरी टाकली. मालक त्याला थेट फोन करतात. आमचा कर्णधार, वयाने मोठा सेंटर बॅक (मधला बचावपटू), हल्ली मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. त्यात दोन महिन्यांचे पगार थकलेत. तीन आठवड्यांनी वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीचा निर्णायक सामना आहे. त्याला बसवला तर हरायची भीती, खेळवला तर संघ हातातून जाईल. काय करू?
– एक कोच, पुणे

उत्तर

कोचसाहेब, नमस्कार.

तुमच्या पत्रात त्या पोराच्या तक्रारी भरपूर आहेत आणि थकलेल्या पगाराला एक ओळ. मी त्या एका ओळीपासून सुरुवात करतो. दोन महिने ज्याच्या खात्यात पैसे आलेले नाहीत, त्याला वेळेवर येण्याबद्दल सुनावायला गेलात, तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही. पण बूट घालत बसलेली बाकीची पोरं मनातल्या मनात हिशेब मांडतील. आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही. फिफाच्या हस्तांतर-नियमांत 2018 पासून स्पष्ट कलम आहे: क्लबने दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यायची, किमान 15 दिवसांची मुदत द्यायची, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर करार मोडून तो मोकळा. तुमच्या खेळाडूंच्या करारांना नेमकं काय लागू होतं ते क्लबच्या वकिलाकडून पाहून घ्या. पण तुमचा विंगर, त्याचा एजंट जरा हुशार असला तर, निर्णायक सामन्याच्या आधीच तुम्हाला रामराम ठोकू शकतो, हे मालकांच्या कानावर जाऊ द्या. पगाराची तारीख मालकांनी स्वतः मैदानावर येऊन सांगितली, तर फारच उत्तम.

तोपर्यंत कुणालाही पैशांचा दंड लावू नका. ज्याचा पगार थकलाय त्याच्याकडून उशिराचे पाचशे रुपये मागणारा क्लब हसं करून घेतो.

आता पोराकडे वळू. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. पण हे खरं कधी? दूध पिणारा आणि लाथा खाणारा माणूस एकच असतो तेव्हा. तुमच्याकडे दूध मालक पितात, थोडं तुम्ही, आणि लाथा खातोय डाव्या बाजूला खेळणारा एकोणीस वर्षांचा ज्युनियर. सगळा गुंता इथे आहे. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा: या पोराचा त्रास नेमका कुणाला होतो?

मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँतोनाचं उदाहरण सगळे देतात आणि बहुतेक जण चुकीच्या कारणासाठी देतात. 25 जानेवारी 1995 रोजी क्रिस्टल पॅलेस क्लबच्या मैदानावर त्याला लाल कार्ड मिळालं आणि बाहेर जाता जाता त्याने शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकाला कठड्यावरून उडी मारून लाथ घातली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. कोर्टाने दोन आठवड्यांची कैद सुनावली, ती अपिलात 120 तासांच्या समाजसेवेवर निभावली. ती त्याने लहान मुलांना फुटबॉल शिकवून पुरी केली. युनायटेडचं लीग विजेतेपद त्या वर्षी एका गुणाने गेलं. तरीही कोच ॲलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला सोडलं नाही. उलट ऑगस्टमध्ये तो वैतागून क्लब सोडायला निघाला, तेव्हा ते स्वतः पॅरिसला गेले आणि त्याची समजूत घालून आले. ऑक्टोबरमध्ये तो लिव्हरपूलविरुद्ध परतला, पेनल्टीवर गोल केला, आणि 1996 मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडकडे आले. कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचाच.

हे ऐकून लोक म्हणतात, बघा, गुणी माणसाचं सगळं पोटात घालावं लागतं. छे. ज्यामुळे फर्ग्युसन यांनी पोटात घातलं ती गोष्ट वेगळी होती. कँतोना 1992 मध्ये लीड्स क्लबमधून आला तेव्हा सराव संपल्यावर त्याने आणखी सरावासाठी दोन खेळाडू मागून घेतले. बाकीचे आंघोळीला निघालेले, आणि हा व्हॉली (हवेतला चेंडू खाली पडायच्या आत) मारत उभा. काही दिवसांत इतरही थांबायला लागले. म्हणजे त्याचा संताप निघायचा रेफरीवर, प्रतिस्पर्ध्यावर, त्या दिवशी तर प्रेक्षकावर. आपल्या संघातल्या पोरांना त्याच्यामुळे काम करावंसं वाटायचं. त्याच फर्ग्युसन यांनी 2005 च्या नोव्हेंबरमध्ये रॉय कीनला, बारा वर्षं खेळलेल्या आपल्या कर्णधाराला, एका सकाळी निरोप दिला. कीनने क्लबच्या वाहिनीवरच्या मुलाखतीत सहकाऱ्यांची सालटी काढली होती. ती मुलाखत प्रसारितही झाली नाही. कीनची खेळाडू म्हणून किंमत कँतोनापेक्षा कमी नव्हती. वय झालं होतं, दुखापती होत्या, हेही खरं. पण त्याची लाथ घरातल्यांना बसली होती.

तुमच्या तक्रारींना हीच फूटपट्टी लावू. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत गेली. तुम्हीही ती विसरा. बाहेर काढल्यावर चिडून आत जाणं वाईट दिसतं, पण बाहेर काढल्यावर हसणारा खेळाडू मला जास्त धोक्याचा वाटतो. बचावाला मागे न येणं हे तर तुम्ही शिस्तीच्या खात्यात टाकूच नका. तो डावपेचांचा भाग आहे आणि तो सोडवायचा पगार तुम्ही घेता (मिळत असेल तेव्हा). 2022 च्या विश्वचषकात मेसी सामन्यातला बराच वेळ चालत होता; त्याच्या वाटणीचं पळायला अर्जेंटिनाचे दे पॉल, एन्झो आणि मॅक ॲलिस्टर होते. तुमचा पोरगा मेसी नाही, मान्य. पण त्याच्या मागचा राइट बॅक आणि त्या बाजूचा मिडफिल्डर यांना नेमकं काय करायचं हे तुम्ही सांगितलंय का? की नुसतं बाजूला उभं राहून ‘मागे ये, मागे ये’ ओरडताय?

उरल्या दोन गोष्टी: ज्युनियरवर ओरडणं आणि उशीर. भांडायचं ते याच दोन गोष्टींवर, आणि एका वेळी एकाच गोष्टीवर.

उशीर सोपा आहे, म्हणून तो आधी सांगतो. 31 डिसेंबर 2022. मँचेस्टर युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड फॉर्मात होता. सकाळी झोप लागली आणि संघाच्या मीटिंगला उशिरा पोचला. कोच टेन हाग यांनी त्याला सुरुवातीच्या अकरा जणांतून काढलं. पत्रकारांना एवढंच सांगितलं की संघांतर्गत शिस्तीचा मामला आहे. मध्यंतराला त्याला उतरवलं, त्याने सामन्यातला एकमेव गोल केला आणि वुल्व्हजच्या मैदानावरून तीन गुण घेऊन संघ परतला. पुढच्या सामन्यात तो पुन्हा पहिल्या अकरांत. त्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धा धरून 30 गोल केले. (पुढे त्याचंही बिनसलं आणि त्याला दुसरीकडे जावं लागलं, ती गोष्ट निराळी.) या शिक्षेत काय काय होतं ते बघा. ती लगेच झाली, पंचेचाळीस मिनिटांची होती, चव्हाट्यावर कारण सांगितलं नाही आणि त्याच दुपारी संपली.

आता हेच कोच आणि दुसरा खेळाडू. सप्टेंबर 2023 मध्ये जेडन सँचोला आर्सेनलविरुद्ध घेतलं नाही. का, असं विचारल्यावर टेन हाग यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की सरावात तो कमी पडतो. सँचोने समाजमाध्यमावर ते खोडून काढलं, आपल्याला बळीचा बकरा केलंय असं लिहिलं. मग माफी मागितल्याशिवाय पहिल्या संघाच्या आसपास यायचं नाही, असं ठरलं. जेवायलासुद्धा पहिल्या संघाबरोबर नाही. चार महिने दोघं हटून बसले. जानेवारीत तो उसनवारीवर जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबकडे गेला आणि जूनमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळला. युनायटेडने 2021 मध्ये त्याच्यासाठी सात कोटी पौंडांवर पैसे मोजले होते. चूक सँचोचीही असेल. पण चारचौघांत पाणउतारा झाल्यावर बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाला माघार घ्यायला जागाच उरत नाही. आणि कोचलाही.

म्हणून तुमच्यासाठी नियम असा: सरावाला उशीर झाला, तर पुढच्या सामन्यात सुरुवात बाकावरून. कोणीही असो. एका उशिराला एक सामना, उतरवायचं असेल तेव्हा उतरवणार, आणि सामना संपला की विषय संपला. हा नियम याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगा, कागदावर लिहून ड्रेसिंग रूममध्ये लावा आणि मुख्य म्हणजे निर्णायक सामन्यालाही तो लागू आहे हे आजच बोलून टाका. सामन्याच्या सकाळी ठरवायला बसलात तर तुमचा धीर सुटणार. माझाही सुटला असता. आधी सांगितलं असेल तर बाकावर बसायचं की नाही हे त्याने ठरवलेलं असेल, तुम्ही नाही. आणि मधल्या सामन्यांत त्याच्या जागेवर दुसऱ्या पोराला तास-तासभर खेळवून बघा. पर्याय तयार नसताना दिलेली तंबी खेळाडू ओळखतात.

एक करू नका. त्याला एकट्याला वेगळा सराव करायला लावायचा, जर्सी काढून घ्यायची, कंटाळून तोच जाईल अशी वाट बघायची, असले प्रकार आपल्याकडच्या क्लबांत सर्रास सुचवले जातात. खेळाडूला करार सोडायला भाग पाडण्यासाठी छळ केला, तर फिफाच्या नियमांनुसार करार मोडायचं सबळ कारण त्यालाच मिळतं. म्हणजे तो जाणार, वर भरपाईही मागणार.

आता ओरडण्याबद्दल. इथे तुम्हाला त्याच्याशी बोलावं लागेल. नामवंत कोच पी. के. बॅनर्जी यांच्या ‘व्होकल टॉनिक’च्या, म्हणजे खेळाडूंना पेटवणाऱ्या भाषणांच्या गोष्टी कोलकात्यात अजून सांगतात, पण तुम्हाला भाषण द्यायचं नाहीये. सराव संपल्यावर तो लेस सोडत बसला असेल तेव्हा शेजारी जाऊन बसा. केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावलं की बातमी होते. आधी विचारा: राहतोस कुठे सध्या? बरोबर कोण आहे? जेवणाचं काय? उशीर कुठल्या दिवशी होतो हे तुम्ही हजेरीवरून आधीच बघून ठेवलेलं असू द्या. दर सोमवारी होत असेल तर तो रविवारी रात्री गावाहून येतोय. कुठलाही दिवस सांगता येत नसेल तर झोप, मोबाईल, नाहीतर आणखी काही. घरी पैसे पाठवायचे थांबलेत का, हेही विचारा. दोन महिन्यांचा पगार थकलाय, हे मी पुन्हा आठवण करून देतो.

मग एकच वाक्य: “त्या डाव्या बाजूच्या पोराला तू ओरडल्यापासून तो तुझ्याकडे पासच देत नाही, चेंडू मागे ढकलतो. तुझंच नुकसान होतंय.” हे खरं असायला हवं, म्हणून आधी गेल्या दोन सामन्यांचं चित्रीकरण बघा. बहुतेक खरंच निघेल. ज्युनियर पोरगा चुकायला घाबरला की तो जोखमीचा पास टाळतो, आणि तुमच्या विंगरला नेमका तोच पास हवा असतो. नीतीचे धडे या वयात कुणी ऐकत नाही. आपल्याला चेंडू कमी मिळतोय हे मात्र प्रत्येक विंगरला ऐकू येतं. फोनमध्ये ते दोन प्रसंग काढून ठेवा आणि त्याच्या हातात द्या. तुम्ही गप्प बसा, त्याला बघू द्या.

तुम्ही दोघं कोल्हापूरचे आहात, त्याचाही एक पेच आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर खचाखच गर्दीसमोर, आपल्या पेठेच्या तालमीसाठी खेळत वाढलेल्या पोराला लहानपणापासून कौतुकाची सवय असते. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्यात गोल मारणारा पोरगा गल्लीत राजा असतो, आणि तो रागावला तर थोरली माणसं त्याला जवळ घेऊन शांत करतात. पुण्यात त्याला कोण ओळखतं? हे तुम्ही समजून घ्याल, कारण तुम्ही तिथलेच. पण तुमच्या ड्रेसिंग रूममध्ये मणिपूरची, मिझोरामची, केरळची, बंगालची पोरंही असणार. तुम्ही त्याच्याशी सगळ्यांसमोर रांगड्या कोल्हापुरीत बोलत असाल, तर तुम्ही त्याला झापलंत की लाडावलंत हे त्यांना कळत नाही. त्यांना एवढंच दिसतं की कोच आणि तो हसत हसत निघाले. मैदानावर त्याच्याशी संघाच्या भाषेत बोला, हिंदी असेल तर हिंदीत. गावाकडची भाषा एकट्याला गाठाल तेव्हासाठी ठेवा.

मालकांचं काय करायचं? त्यांचे फोन तुम्ही बंद करू शकणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. त्यांना एवढंच सांगा की त्याला फोन कराल त्या दिवशी कर्णधारालाही करा. आणि संघात घेण्या-न घेण्याचा विषय निघाला, तर ‘कोचला विचार’ एवढं म्हणा. ते ऐकतील की नाही हे तुम्ही पगाराचा विषय किती ठामपणे मांडता यावर बरंचसं अवलंबून आहे. सारखं कौतुकच करत राहणाऱ्या कोचला मालक गृहीत धरतात.

रागाच्या भरात त्यांच्यासमोर किंवा पत्रकारांसमोर ‘तो किंवा मी’ मात्र म्हणू नका. 2011 मध्ये म्युनिकला कार्लोस तेवेझने सामन्यात उतरायला नकार दिला, असं मॅन्चेस्टर सिटीचे कोच मॅन्चिनी यांनी सामना संपताच कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं. माझ्यापुरता तो संपला, अशी भाषा केली. तेवेझ कित्येक महिने अर्जेंटिनात जाऊन बसला. फेब्रुवारीत परतला, माफी मागितली, आणि मार्चमध्ये त्याच मॅन्चिनींना त्याला उतरवावं लागलं, कारण लीग निसटत होती. एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक केली आणि सिटीने ते विजेतेपद गोलफरकावर जिंकलं. तोंडातून गेलेला शब्द मॅन्चिनींना गिळता आला, कारण त्यांच्या मागे सिटीचा पैसा आणि संघातले इतर मोठे खेळाडू होते. तुमच्याकडे ती चैन नाही.

शिस्तीची किंमत पडते, हेही सांगितलं पाहिजे. आर्सेनलचे कोच आर्तेता यांनी आपला कर्णधार आणि स्ट्रायकर ऑबामेयांगला आधी एकदा उशिरासाठी बाकावर बसवलं, मग डिसेंबर 2021 मध्ये रजेवरून उशिरा परतला म्हणून कर्णधारपद काढलं, आणि जानेवारीतली खेळाडूंच्या बदल्यांची मुदत संपता संपता सोडून दिलं. त्याच्या जागी स्ट्रायकर आणला नाही. त्या हंगामात आर्सेनलची चॅम्पियन्स लीगची जागा दोन गुणांनी हुकली. पुढची दोन वर्षं संघ दुसरा आला, पण त्यात नवे खेळाडू आणि बराच पैसा होता. तुम्ही त्याला बसवलंत आणि हरलात, तर शहाणपणाचं कौतुक करायला कुणी येणार नाही. तुमची नोकरीही जाऊ शकते. हे धरूनच ठरवा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतोय तो तुमचा कर्णधार. मीटिंगमध्ये बोलणारा माणूस गप्प झाला, म्हणजे त्याने तुमच्याकडून अपेक्षा ठेवणं सोडलंय. त्यामुळे त्या पोराकडे जाण्याआधी त्याच्याकडे जा. घरी जा, चहा घ्या, आणि सरळ विचारा: त्या सामन्यात हा तुला संघात हवाय का? सेंटर बॅकला मागून सगळं मैदान दिसतं. कोण पळतं आणि कोण पळाल्यासारखं दाखवतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तो ‘हवाय’ म्हणाला, तर उशिराचा नियम संघासमोर त्यालाच वाचायला सांगा. ‘नको’ म्हणाला, तर पुढच्या सामन्यापासून दुसऱ्या पोराला सुरुवातीपासून उतरवा, आणि मालकांना तुम्ही स्वतः फोन करा, त्या पठ्ठ्याचा फोन जायच्या आत.